राणीसाहेबांच्या हरळीवर हुमणी चालून आली ती हकीकत

श्रीभूमिमाता समर्थ. तिचे पोटांत काय चालतें हें वर चालणारास कळत नाहीं. जें उकरून दिसलें आणि जें डोळां पाहिलें तितुकेंच लिहितों, पदरचें घालीत नाहीं. शके सतराशें आठ, पराभव नाम संवत्सरीं, भाद्रपद मासीं राजवाड्यापुढील हरळीचे मैदानावर हुमणी चालून आली, आणि सवा वर्षाचे आंत मैदान गेलें, एक बाई जिवानिशीं गेली, आणि राणीसाहेब चालत होत्या त्या चालावयाच्या राहिल्या, ऐसें जाहलें. लढाया सोडून गवताची हकीकत कां लिहितोस, ऐसें कोणी पुसेल. तर त्या काळीं मी बागेचे कचेरींत लेखणी करीत होतों, आणि या मोहिमेंत जे कागद निघाले ते माझे हातचे आहेत, म्हणून लिहिणें मजवर आलें.

मैदान कैसें जाहलें तें आधीं सांगतों. राणीसाहेब मंजुळाबाई यांस लग्नानंतर नऊ वर्षांनीं जुळे पुत्र जाहले, आणि बारसें व्हावयाचे आधींच एकामागून एक दोघेही गेले. मग राणीसाहेबांनीं अंथरूण धरिलें तें अकरा महिने सोडिलें नाहीं. बोलणें टाकिलें आणि पायांतील बळही गेलें, उभें करूं जातां दोहों बाजूंनीं दासी धराव्या लागत. औषधें बहुत जाहलीं. शेवटीं राजवैद्य बोलिले कीं, "महाराज, मात्रा देऊन मी थकलों. यांचे अनवाणी पाय रोज सकाळीं दंवाचे हरळीवर टेकवावे. दुसरा उपाय मजपाशीं नाहीं." महाराज रणांत शूर, परंतु घरांत वाट पाहणें त्यांस ठाऊक नाहीं, त्यांनीं तेच दिवशीं घोडे फिरवावयाचें मैदान मोकळें करविलें, आणि नदीकांठची हरळी गाड्यांवर घालून आणविली, आणि दोनशें माणूस लावून लाविली. चार महिन्यांत मैदान ऐसें हिरवें जाहलें कीं परगांवचे लोक पाहावयास येऊं लागले. मग एके सकाळीं राणीसाहेबांस पालखींतून आणून त्यांचे पाय गवतावर ठेविले. पाय ओले जाहले तों त्यांनीं खालीं पाहिलें, आणि अकरा महिन्यांनीं पहिला शब्द बोलिल्या, "गार आहे." महाराज तेथेंच तोंड फिरवून उभे राहिले. पुढें रोज एक दोन पावलें वाढत गेलीं, आणि वर्षाचे आंत राणीसाहेब सगळ्या मैदानास फेरा घालूं लागल्या.

त्यांचे पुढें सगुणा नांवाची माळीण चालत असे. ही पन्नाशीची विधवा बाई, बागेंत खुरपणाऱ्या सोळा बायकांची मुकादम. राणीसाहेबांचे पायांस सराटा रुतूं नये म्हणून ती पहाटेच येऊन मैदान हातानें चाचपीत असे, आणि फेऱ्याचे वेळीं दोन पावलें पुढें राही. दासींशीं न बोलणाऱ्या राणीसाहेब तिच्याशीं मात्र बोलत. सगुणेचींही तीन मुलें लहानपणींच गेलेलीं, ऐसें मागाहून कळलें. तिचे संगतीस तिची धाकटी जाऊ चिमा असे. चिमेस कानानें कमी ऐकूं येई, परंतु खुरपें ऐसें चाले कीं तिचे मागें तण म्हणून राहात नसे. मैदानाचे कडेस पावसाळ्यांत घोळ आणि पाथरी उगवे, ती खुरपून बायकांनीं भाजीस घरीं न्यावी ऐसी सवलत पहिल्यापासून होती.

भाद्रपद शुद्ध पंचमीस राणीसाहेब फेरा घालीत असतां थबकल्या आणि म्हणाल्या, "सगुणे, हें काय गे? येथें पाय गार लागत नाहीं." पाहतां परातीएवढा डाग पिवळा पडला होता. सगुणेनें तेथें बसून गवताचीं टोकें पाहिलीं, तीं शाबूत. कोणी कुरतडिलीं नव्हतीं. मग तिनें रिठ्याचें पाणी आणवून डागावर ओतिलें आणि पान खाण्याइतका वेळ थांबली. गवतांत पानें खाणारी अळी लपली असेल तर त्या फेंसाळ पाण्यानें ती तळमळून वर येते. एकही आली नाहीं. मग बूड फुटलेली घागर मातींत दाबून ती पाण्यानें भरिली, कीं रस शोषणारे ढेकूण असतील तर ते वर तरंगावे. तेही आले नाहींत. मग तिनें दोन्ही मुठींत गवत धरून वर ओढिलें, आणि गवत घोंगडी उचलावी तैसें उचलून हातांत आलें. खालीं मुळें नव्हतीं. मातींत पांढऱ्या, जाड, पिवळ्या डोक्याच्या अळ्या अर्ध्या कड्यासारख्या वळून पडल्या होत्या. एका वितीचे चौकोनांत सगुणेनें अकरा मोजिल्या. ती उठून पदराला हात पुसून बोलिली, "आईसाहेब, ही हुमणी. वरनं कायबी दिसत न्हाई, खालनं मुळं खाती. तीन-चार असत्या तर हरळीनं सोसलं असतं. ह्या लई हायेत." राणीसाहेब म्हणाल्या, "मग काय करावें?" सगुणा म्हणाली, "घाई न्हाई करायची, पर आळसबी न्हाई. जागा उकरून उघडी टाकू, पाखरं येचून खातील. निंबोळीची पेंड मातीत घालू. आन् पुढच्या ज्येष्ठात ह्येंचे भुंगेरे निघतील तवा ते धरायचे. ते अंडी घालायच्या आधी धरले तरच हे मोडंल." इतका निवाडा पहिले दिवशीं, सूर्य दोन हात वर यावयाचे आंत जाहला होता. पुढील अनर्थ अज्ञानामुळें जाहला ऐसें म्हणतां येत नाहीं.

बागेचे दरोगे गणोपंत टेंबे. हे विद्वान, वृक्षांचे ग्रंथ मुखोद्गत, हाताचे स्वच्छ. परंतु महाराजांचें भय त्यांस फार. त्यांनीं सगुणेचें ऐकून घेतलें आणि मजकडे पाहून म्हणाले, "खुरपणाऱ्या बाईचे सांगण्यावरून राणीसाहेबांचें मैदान उकरिलें, आणि महाराजांनीं गच्चीवरून पाहिलें, तर काय उत्तर देऊं? गवत पिवळें पडतें तें पाण्यावांचून. पाणी द्या." म्हणून सकाळ संध्याकाळ मोटा सोडून पाणी दिलें, आणि डाग परातीचे होते ते बैलगाडीएवढे जाहले. मग साळुंक्या, बगळे आणि कावळे थव्यांनीं उतरूं लागले, आणि चोंचींनीं गवत उलथून अळ्या काढूं लागले. गणोपंतांनीं हें पाहिलें, आणि त्यांस वाटलें कीं शत्रू सांपडला. त्यांनीं महाराजांस अर्ज केला कीं पक्षी मैदान उपटितात. महाराजांस हें पटलें, कारण पक्षी दिसतात आणि हुमणी दिसत नाहीं. मग तीस गोफणदार मैदानाचे चहूंकडे उभे राहिले आणि हुकूम माझे हातून लिहिला गेला कीं एक पांखरूं गवतावर टेकूं देऊं नये. सगुणा कचेरीचे पायरीशीं येऊन म्हणाली, "पंत, पाखरांस मारूं नका. ती आपली फौज हाय. ती खातात त्येच तर आपलं दुखणं." गणोपंत म्हणाले, "तुझी फौज रोज शंभर जागीं गवत उलथिते, तें कोणास दाखवूं?" ती म्हणाली, "मला दाखवा. म्या पुन्हा लावीन." महिन्याचे आंत गोफणींनीं इतकीं पांखरें पडलीं कीं उरलीं तीं राजवाड्यावरून उडून जाणें टाकून दूर वळसा घालून जाऊं लागलीं.

मार्गशीर्षांत थंडी पडली आणि डाग वाढावयाचे थांबले. गणोपंत हर्षित जाहले. नदीकांठचे हरळीचे ताजे गड्डे आणून पिवळ्या जागीं लाविले, वर कच्च्या शेणाचा थर घातला, आणि माघांत मैदान पुन्हा हिरवें जाहलें. महाराजांनीं भर दरबारीं गणोपंतांस शाल दिली. राणीसाहेब पुन्हा फेरा घालूं लागल्या. सगुणा मात्र फेऱ्यांत खालींच पाहात असे. एके दिवशीं तिनें पंतांस गाठून म्हटलें, "हुमणी मेली न्हाई, पंत. अळीचा भुंगेरा झालाय, आन् हातभर खाली निजलाय. आत्ता खणलं तर हाती लागंल. आन् कच्चं शेण तर त्येंच्या लेकरांचं खाणं हाय, त्ये उचला." गणोपंत हात जोडून म्हणाले, आणि जोडिले तेही थट्टेनें नाहीं, "बाई, ज्या मैदानासाठीं मला कालच शाल मिळाली तें आज मी खणूं कैसें?" आम्ही कचेरींतले सर्व हंसलों. मीही हंसलों.

शके सतराशें नऊ, प्लवंग नाम संवत्सर लागलें. ज्येष्ठांत दोन सरी पडतांच तिसरे सांजेस दिवेलागणीचे आधीं मैदानांतून तांबूस भुंगेरे निघाले, आणि घोंघावत निंबांवर आणि बोरींवर जाऊन बसले, आणि पानें खाऊं लागले. सगुणेनें या वेळीं पंतांस पुसलेंच नाहीं. ती थेट राणीसाहेबांकडे गेली आणि चाळीस बायका आणि आठ सांजा मागितल्या. राणीसाहेबांनीं होय म्हटलें. परंतु दरोग्यांचे हातून आज्ञा उतरतां उतरतां बायका सोळाच राहिल्या. तरी त्या लागल्या. झाडाखालीं जुनीं लुगडीं पसरावीं, लांब काठीच्या आंकड्यानें फांदी धरून हालवावी, भुंगेरे टपटप पडावे, ते भरभर पाट्यांत गोळा करून तेल घातलेल्या पाण्याचे हंड्यांत टाकावे, ऐसें चालिलें. पहिले सांजेस नऊ पाट्या, दुसरे सांजेस चौदा. तिसरे सांजेस राणीसाहेब स्वतां आल्या. पदर खोंवून त्यांनीं एक फांदी धरिली आणि हालविली, तों पांच-सात भुंगेरे त्यांचेच डोकीवर पडले. चिमा, जी कोणापुढें मोठ्यानें बोलत नसे, ती एकदम म्हणाली, "आवं आईसाहेब, आंबाड्यात गेला, आंबाड्यात!" आणि तिनें हात घालून राणीसाहेबांचे केंसांतून भुंगेरा ओढून काढिला. सर्व बायका भयानें मागें सरल्या. आणि राणीसाहेब हंसल्या. मोठ्यानें हंसल्या. दासी सांगतात कीं पुत्र गेल्यानंतर ते पहिलें हंसणें. त्या सांजेस एकवीस पाट्या निघाल्या. सगुणा म्हणाली, "आणीक पाच दिस मिळूं द्या, आईसाहेब. पाचच."

ते पांच दिवस मिळाले नाहींत. शेजारील राज्याचे वकील तहाचे बोलण्यास येणार होते ते दुसरेच दिवशीं आले, आणि त्यांचे डेरे निंबांचे सावलींत दिले गेले. वकिलाचे डेऱ्यावर फांद्या हालविणें, आणि बायकांनीं तेथें कलकलाट करणें, हें दरबारचे रीतीस शोभेना. राणीसाहेबांनीं महाराजांस सांगून पाहिलें. महाराज म्हणाले, "किड्यांसाठीं तह मोडूं काय? वकील गेले कीं खुशाल झाडें हालवा." वकील अकरा दिवस राहिले. तह चांगला जाहला. तोंवर भुंगेरे मातींत उतरून अंडीं घालून मोकळे जाहले, आणि डेरे निघाले तेव्हां झाडांवर हालवावयास कांहीं उरलें नव्हतें. सगुणा रिकाम्या निंबाखालीं आंकडा घेऊन उभी होती ती मी पाहिली. मी म्हटलें, "आतां काय?" ती म्हणाली, "आता वाट बघायची. दुसरं काय उरलं?"

श्रावण सरतां सरतां मैदान गेलें. डाग पडले ऐसें नाहीं, तर एके सकाळीं राणीसाहेबांनीं पाऊल ठेविलें तों पायाखालचें गवत सरकलें आणि त्या पडल्या. गुडघा फुटला. महाराज धांवत आले, गवत मुठींत धरून ओढिलें, तें जाजम गुंडाळावें तैसें गुंडाळत आलें, आणि खालीं सगळी माती पांढरी वळवळत होती. खावयास पांखरूं नव्हतें. महाराज गणोपंतांस म्हणाले, "सात दिवस देतों. आठवे दिवशीं हें हिरवें नसेल तर तुम्ही येथें नसाल." आणि सगुणा पुढें होऊन बोलूं लागली, "महाराज, सात दिसांत कुणालाच..." तों पंतांनीं घाबरून तिला मागें लोटिलें, आणि दुसरे दिवसापासून तिची नेमणूक पागेचे गवतखान्यावर केली, कीं महाराजांपुढें ती पुन्हा पडूं नये.

गणोपंत तीन दिवस जेवले नाहींत. चवथे दिवशीं एका फिरत्या औषधविक्याकडून त्यांनीं सोमल, म्हणजे जालीम विष, घेतला, आणि पाण्यांत कालवून पखालींनीं सगळ्या मैदानावर आणि कडेच्या पट्ट्यावर शिंपविला. तत्पूर्वीं मला बोलावून म्हणाले, "हुकूम लिहा, कोणास अपाय होऊं नये." मी लिहिला. राणीसाहेबांनीं आठ दिवस मैदानावर येऊं नये. पहारेकऱ्यांनीं अनवाणी फिरूं नये. पागेचे घोडे, वाड्यांतील हरणें आणि गोठ्यांतील गाई यांस तेथील गवत घालूं नये. पंतांनीं वाचून शिक्का केला, आणि हुकूम वाड्यांत, देवडीवर, पागेंत आणि गोठ्यांत तेथील कारभाऱ्यांचेच हातीं पोंचता जाहला. काम नीट जाहलें म्हणून मला समाधान वाटलें.

दुसरे दिवशीं दुपारीं चिमेनें कडेची घोळ खुरपिली, नेहमींप्रमाणें ओंटींत घालून घरीं नेली, तीन पाण्यांनीं धुतली आणि भाकरीबरोबर खाल्ली. घरांत ती एकटीच. संध्याकाळीं तिला ओकाऱ्या लागल्या. शेजारणींनीं ताक पाजिलें, मिठाचें पाणी पाजिलें. सगुणा पागेंतून धांवत आली तेव्हां चिमेचे हातपाय गार पडले होते. ती सगुणेस खुणेनें पुसत होती कीं काय जाहलें, आणि सगुणा तिचे कानाशीं तोंड नेऊन मोठ्यानें सांगत होती कीं, "कायबी न्हाई, चिमे, पोट बिघडलंय, सकाळपतूर बरं वाटंल." सकाळ व्हावयाचे आधीं ती गेली. दुसरे दिवशीं मैदानावर गांडुळें मरून पडलीं होतीं, दोन खारी आणि एक मुंगूस पडलें होतें. आणि गवत उचलून पाहतां हुमणी जिवंत होती. विष वरचे थरांत राहिलें, आणि ती खालीं होती.

चौकशी सदरेवर जाहली. राणीसाहेब चिकाचे पडद्याआड बसल्या होत्या. गणोपंत उभे राहिले आणि एक शब्द लपविला नाहीं. म्हणाले, "महाराज, बाई सांगत होती तें पहिले दिवसापासून खरें होतें, आणि तें मला कळत होतें. परंतु खरें केलें असतें तर मैदान वर्षभर ओसाड दिसलें असतें. आपलें भय वाटलें." मग महाराजांनीं सगुणेस पुसलें, तुझें काय मागणें. ती म्हणाली, "मागणं न्हाई. त्यो कागुद वाचा." मी कागद काढिला आणि वाचिला. राणीसाहेब, पहारेकरी, घोडे, हरणें, गाई. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचिला. ती म्हणाली, "हरणांचं नाव हाय." इतकेंच. नंतर खालीं बसली. कोणी मला विचारिलें नाहीं कीं बायकांचें नांव कां घातलें नाहींस. विचारिलें असतें तर मी सांगितलें असतें कीं मला कोणी सांगितलें नाहीं. आणि तें खरें होतें. पडद्याआडून राणीसाहेब उठल्या आणि रीत सोडून बाहेर आल्या, आणि सगुणेपुढें जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "सगुणे, माझ्या पायांसाठीं हें जाहलें." सगुणेनें नाहीं म्हणावें ऐसी सर्वांनीं वाट पाहिली. तिनें राणीसाहेबांचा हात हातांत घेतला, परंतु नाहीं म्हटलें नाहीं.

गणोपंतांस काढून लाविलें. ते त्याच रात्रीं गांव सोडून गेले. महाराजांनीं सगुणेस म्हटलें, "आतां तूंच सांगशील तें होईल. मैदान वांचीव." ती म्हणाली, "तीन वरसं लागतील. माती धुतली पायजे, भुंगेरे तीनदा धरले पायजेत, आन् पाखरं माघारी आली पायजेत." महाराजांनीं मान डोलविली. मग दसरा जाहल्यावर वरची विषारी माती काढून दूर खड्ड्यांत पुरविली, आणि सगळें मैदान हातभर खोल खणून उलथें केलें. उन्हांत पांढऱ्या अळ्या उघड्या पडल्या, हजारोंनीं. गोफणदार काढून घेतले होते. सगुणेनें बायकांस मैदानाबाहेर नेऊन बसविलें, कीं माणूस दिसेल तर पांखरूं यावयाचें नाहीं. आम्ही सर्व बसलों. दुपार जाहली. आभाळ रिकामें होतें. एक कावळा दूर वडावर आला, तेथूनच मैदानाकडे पाहिलें आणि उडून गेला. दिवस कलतां उघड्या पडलेल्या अळ्या पुन्हा मातींत शिरूं लागल्या. तेव्हां सगुणा उठली आणि हातानें वेंचूं लागली, आणि पंधरा बायका वेंचूं लागल्या, आणि मीही लेखणी ठेवून वेंचूं लागलों. पंचवीस दिवस वेंचिलें. ज्या जागा वेंचून झाल्या तेथें दुसरे दिवशीं खणतां आणीक निघत. एके दिवशीं राणीसाहेब पालखींतून आल्या आणि पडदा सारून बराच वेळ पाहात राहिल्या. मग सगुणेस जवळ बोलावून म्हणाल्या, "पुरे कर. येथें फरशी घालावयास सांगतें." सगुणा मातीच्या हातांनीं तैसीच उभी राहिली आणि म्हणाली, "आईसाहेब, तीन वरसं द्या. म्या हिरवं करून दावते." राणीसाहेब म्हणाल्या, "तूं करशील, मला ठाऊक आहे. परंतु तें हिरवें जाहलें तरी मला त्यावर पाऊल ठेवितां यावयाचें नाहीं, आणि मी यावयाची नाहीं तर तूं कोणासाठीं वेंचतेस?" सगुणेनें पाटी खालीं ठेविली.

सारांश. पौषांत मैदानावर काळी फरशी घातली गेली. राणीसाहेब त्यानंतर एकवीस वर्षें वांचल्या. पालखीवांचून वाड्याबाहेर निघाल्या नाहींत. महाराजांनीं पुढें दोन किल्ले घेतले. सगुणा माहेरीं भावाकडे गेली आणि तेथेंच वारली. पांखरें सहावे वर्षीं परत दिसूं लागलीं. राणीसाहेबांचे सांगण्यावरून राज्यांत एक कायमचा ठराव जाहला कीं सरकारी बागेंत कांहींही शिंपावयाचें तर आधीं खुरपणाऱ्या बायकांस तोंडी सांगावें, ज्यांस ऐकूं येत नाहीं त्यांस हात धरून जागा दाखवावी, आणि मगच कागद लिहावा. तो ठरावही माझे हातचा आहे. त्यांत बायकांचें नांव पहिले ओळींत आहे, आणि ती ओळ लिहावयास मला पाऊण दिवस लागला.